आईचं घंगाळ आणि मी

मित्रांनो, नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात बाकाशेजारी जो म्हातारा, वाकडा पाम उभा आहे, तो मीच. औषधासाठी थांबलेली मुलं माझी पानं ओढतात. ओढा बापडे! पण तेवढ्या वेळात माझी कहाणीही ऐका.

डॉक्टरांनी दवाखाना थाटला तेव्हा मी मातीच्या कुंडीतून इथे आलो. सहा वर्षं मजेत गेली. मुळं इतकी फोफावली, की चौऱ्याहत्तरच्या चैत्रात कुंडीच तडकली.

डॉक्टरांच्या पत्नी चारुशीलाबाईंनी माझ्यासाठी आपलं पितळी घंगाळ आणलं. ते त्यांच्या आईचं. आई गेल्यावर माहेरून आलेली तेवढी एकच वस्तू. कंपाउंडर मार्तंडरावांनी त्यात काळी माती भरून मला बसवलं. चिंचेनं घासलेलं ते घंगाळ असं लखलखत होतं, की येणारा प्रत्येक जण थबकायचा. मीही फुशारलो. खोटं कशाला बोलू?

पण घंगाळाला खाली भोक नव्हतं.

उन्हाळा तापला. लांबून आलेले पेशंट माठातलं पाणी प्यायचे. नागपुरात मे महिन्यात पाणी फेकायला कोणाचा हात धजावत नाही, म्हणून पेल्यात उरलेलं पाणी माझ्या बुंध्याशी यायचं. देणाऱ्याला पुण्य लागायचं आणि माझी मुळं बुडायची. पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती, मला पाय उचलता येत नव्हता. त्या चिखलात माझा श्वास कोंडला. पानं पिवळी पडली, तर सगळे हळहळले, 'बिचारं तहानलं!' आणि आणखी पाणी ओतलं. फार भीती वाटायची मला. ओरडायला तोंड नव्हतं.

झाडलोट करणाऱ्या देवकीनं एकदा मातीत बोट खुपसलं आणि नाकाशी नेलं.

"बाई, हे झाड तहानलं नाही, बुडून राहिलं. घंगाळाले भोक पाडा."

"काय बोलून राहिली वं देवकी!" चारुशीलाबाई चिडल्या. "फुटकं भांडं कोणी घरात ठेवते का? माह्या आईची एवढीच आठवण हाय."

त्यांचा राग मला समजत होता. रोज पदरानं त्या घंगाळाचा काठ पुसायच्या. तरी जीव माझा जात होता.

आठवड्याभरात माझा नवा कोंब मऊ पडून लोंबला. मार्तंडराव म्हणाले, "आता फेकूनच द्या, बाई."

बाईंना ते बघवेना. देवकीला हाताशी घेऊन त्यांनी मला अंगणात सावलीत उलटं केलं. काळं पाणी भळकन सांडलं, कुजका वास सुटला. माझी मुळं काळी पडली होती, बोट लावताच सालं निघत होती. बाईंनी एक मूळ हातात घेतलं.

"इतके दिवस हे असं सडून राहिलं होतं?"

"डालड्याचा डबा आणू का?" मार्तंडरावांनी विचारलं. "त्याले भोकं पाडून देतो."

बाईंनी रिकामं घंगाळ जवळ ओढलं.

"नाही. आई यातच पाणी काढून मले न्हाऊ घाले. तिच्या भांड्यानं कोणाचा जीव घेऊ नये. देवकी, खिळा धर."

हातोडा त्यांनी स्वतः मारला. पहिल्या घावाला पितळ नुसतं दबलं. तिसऱ्याला आरपार झालं. बाई रडत होत्या, पण थांबल्या नाहीत, आणखी दोन भोकं पाडली. कुजकी मुळं देवकीनं छाटली, मातीत रेती मिसळून मला परत घंगाळात बसवलं. मग बाईंनी थोडं पाणी घातलं आणि घंगाळ दोन विटांवर ठेवलं.

मित्रांनो, कुंडी बदललेल्या झाडावर माया करा, पण आधी मातीत बोट घालून बघा. ओल लागली तर पेला खाली ठेवा.

चारुशीलाबाईंचे केस आता पिकलेत. अजूनही पाणी घातलं की त्या गुडघ्यावर हात टेकून वाकतात, विटांमधून खाली बघत थांबतात. पहिला थेंब टपकला, की मगच उठतात.