कुंडी हलवू नका

बायको जाऊन चार महिने झाले होते, पण तिच्याबरोबर घरातलं काय काय गेलं हे मला एका मंगळवारी सकाळी कळलं. मी फ्लश ओढला आणि न्हाणीघराच्या जाळीतून पाणी उलटं वर आलं. वर्णन करत नाही. घर जुनं आहे, जवळजवळ माझ्याच वयाचं, आणि दोघांच्याही पोटाच्या तक्रारी असतात.

तुंबलेलं सगळं तीच बघायची. माझं काम एवढंच, की पेपरातून डोकं वर न काढता "पाणी जात नाहीये" असं सांगायचं. तिचा नेहमीचा प्लंबर कोण, तेही मला माहीत नव्हतं. नंबर तिच्या डोक्यात होता.

मुलगी आली ती रिकामी बॅग घेऊनच. नाकाला ओढणी लावून घरभर फिरली आणि म्हणाली, "बाबा, चार महिने मी सांगतेय, आता घरच सांगतंय. संध्याकाळपर्यंत पाणी गेलं तर राहा इथे. नाही गेलं तर माझ्याकडे चला, कायमचे."

मी कबूल झालो. ती आईच्या आवाजात बोलायला लागली की वाद घालण्यात अर्थ नसतो. तिच्या घरी मला कसलाही त्रास नाही. फक्त तिथे सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, जणू मीच आजारी आहे. इथे निदान मी मोठ्याने खोकू शकतो.

मुलीने शोधलेला प्लंबर तरुण होता, पण घाईचा नव्हता. त्याने जाळी काढून लांब स्प्रिंग आत घातली. सहा-सात फुटांवर ती अडली. मग त्याने हात पुसले आणि विचारलं, "काका, चेंबर कुठंय? आता तिकडूनच काढावं लागेल."

मी मागचं अंगण दाखवलं. तिथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फरशी होती. झाकण कुठेच नव्हतं.

ती फरशी मीच बसवलेली. दोन वर्षांपूर्वी बायको पंधरा दिवस बहिणीकडे गेली होती, तेव्हा तिला चकित करायचं म्हणून. ती आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "छान. चेंबर कुठंय?" मी ते पुरून टाकलं होतं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने कोरफडीची मोठी कुंडी आणून बरोबर जायच्या-यायच्या वाटेत ठेवली. मला रोज ठेच लागायची. इथेच का, असं विचारलं तर म्हणाली, "तुमच्या अकलेवर झाकण ठेवलंय. हलवू नका."

मला वाटलं, राग अजून गेला नाही.

प्लंबर म्हणाला, भिंतीपासून फोडत यावं लागेल, दोन दिवस धरा. मुलीने माझं कपाट उघडल्याचा आवाज आला. मी अंगणाच्या पायरीवर जाऊन बसलो. समोर भिंतीलगत कोरफड होती. बायको गेल्यावर मीच कुंडी सरकवली होती, झाडाला ऊन मिळावं म्हणून आणि माझ्या अंगठ्यासाठीही. आणि जिथून सरकवली, तिथे फरशीवर एक तपकिरी गोल डाग राहिला होता. तो मी दोनदा घासला होता. निघाला नव्हता.

"इथे ठोकून बघ," मी प्लंबरला म्हणालो.

त्याने हातोडीच्या दांड्याने ठोकलं. आवाज पोकळ आला.

चार फरश्या फोडल्या आणि झाकण सापडलं. त्याने तिकडून स्प्रिंग घातली, आणि थोड्या वेळाने न्हाणीघरातलं पाणी घुटके घेत खाली गेलं. बाहेर निघाला तो घट्ट, पांढरा तेलाचा गोळा, नारळाएवढा. प्लंबरने विचारलं, कढईतलं तेल सिंकमध्ये कोण ओततं? या चार महिन्यांत मी तळायला शिकलो होतो. पुढचं कोणी शिकवलं नव्हतं.

मुलगी हसायला लागली ती थांबेचना. मग डोळे पुसत म्हणाली, "आई असती तर..."

"दोन दिवस बोलली नसती," मी म्हणालो.

बॅग रिकामीच परत गेली. आता झाकणावर कुंडी आहे, ठेच पूर्वीसारखीच लागते. कुंडीभोवतीच्या चार फरश्या अजून बसवायच्या राहिल्या आहेत.