चार वॉशरचा तह

होल्गरने गॅरेजच्या तुळईवरून दोर टाकला, त्याचं टोक मोटारसायकलच्या हँडलला बांधलं आणि सगळं अंग मागे झोकून ओढलं. पुढचं चाक जमिनीपासून वीतभर वर आलं. एकशे बारा किलोंचा एवढा तरी उपयोग होता. धाकटा विगो इंजिनाखाली लाकडी ठोकळा सरकवत होता.

"सोडू का?"

"माझी बोटं अजून आत आहेत."

"तुझी बोटं कायम कुठे ना कुठे आत असतातच," होल्गर म्हणाला.

विगोने ठोकळा नीट बसवला आणि बोटं काढून घेतली.

थीरा दारात थर्मास घेऊन उभी होती. होल्गरशी लग्न होऊन तिला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. या दोन भावांच्या मध्ये कॉफी कुठे ठेवली म्हणजे ती सांडत नाही, हे ती आता डोळे मिटूनही सांगू शकली असती. तिने थर्मास खिडकीत ठेवला.

गाडी त्यांच्या वडिलांची, एकावन्न सालची, लाल. नऊ वर्षांपूर्वी म्हातारा गेला तेव्हा एक कागद निघाला होता. दोघांनी मिळून वापरा, भांडलात तर विका, आणि पैसे चर्चच्या ऑर्गनला द्या. विगो चर्चच्या आवारात कबरी खणायचा, गवत राखायचा. ऑर्गन त्यालाच सगळ्यात जास्त ऐकावा लागे, त्यामुळे त्यालाही विकण्याची घाई नव्हती. मग एक रविवार याचा, एक रविवार त्याचा, असं चाललं होतं.

अडचण होती ती फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची. फोर्कच्या दोन्ही पायांत वरच्या टोपीखाली स्प्रिंगवर वॉशर बसतात. जास्त वॉशर, तेवढा फोर्क कडक. होल्गरला प्रत्येक पायात सहा हवे होते. विगोचं वजन एकसष्ट किलो. सहा वॉशरवर बसलं की आपण चर्चच्या बाकावर बसल्यासारखं वाटतं, असं तो म्हणायचा. त्याला दोनच हवे होते. शेवटी पाद्रीबाईंसमोर चारावर तह झाला.

आणि गेल्या रविवारी बंदराकडच्या दगडी उतारावर होल्गर चालवत असताना गाडीने नाक खुपसलं. फोर्क खडकन तळाला टेकला, होल्गरचा चष्मा उडाला आणि हँडलला अडकवलेला केक खोक्यातच चपटा झाला. घरी येऊन त्याने विगोला फोन केला, तू माझे वॉशर काढलेस. विगो म्हणाला, तू कमी खा. मग ठरलं की शनिवारी दोघांनी मिळून फोर्क उघडायचा. तेल अडवणारं सील आणि नळीभोवतीचे बुश मागवलेच होते, तेही बदलून टाकायचे. चार वॉशर निघाले तर होल्गर माफी मागेल. कमी निघाले तर गाडी कधीपासून मागणाऱ्या ओडेन्से शहरातल्या गिऱ्हाइकाला फोन, आणि गाडी जाईल. तोवर पुराव्याला कुणाचा हात लागू नये म्हणून गॅरेजची किल्ली आठवडाभर होल्गरच्या पँटच्या खिशात होती. रात्री पँट उशीखाली.

आत दोन वॉशर आहेत हे थीराला ठाऊक होतं. तिनेच काढले होते.

दर मंगळवारी होल्गर कोरसच्या तालमीला जाई आणि विगो कबरस्तानातलं गवत कापी. त्या वेळात थीरा गाडी घेऊन दीपगृहापर्यंत जाई. जाऊन येऊन बावीस किलोमीटर. निघताना प्रत्येक पायातून दोन वॉशर काढायचे, आल्यावर परत घालायचे. दोन्ही वेळचं मिळून चौदा मिनिटांचं काम. सहा वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती. त्या केकच्या रविवाराआधीच्या मंगळवारी कोरसच्या बाईंचा घसा बसला, होल्गर लवकर घरी आला आणि रविवारपर्यंत घरातून हललाच नाही. चार वॉशर तिच्या एप्रनच्या खिशातच राहिले.

बोललं तर मंगळवार जाणार. न बोललं तर गाडीच जाणार. आठवडाभर तिने दोन्ही बाजूंनी गणित करून पाहिलं होतं.

विगोने पाना लावून डावी टोपी सोडवली. आत दोन वॉशर होते. उजवी सोडवली. तिथेही दोनच.

"दोन," होल्गर म्हणाला. "तुझा आकडा."

"माझा आकडा आहे म्हणून मीच काढले? मी काढले असते तर एक काढला असता. कळू नये म्हणून."

"म्हणजे विचार केला होतास."

"दर रविवारी करतो."

"तेल काढा आधी," थीरा म्हणाली. "मग भांडा."

तिने आपलं मोजपात्र धरलं. चाळीस वर्षं दूधसंघाच्या प्रयोगशाळेत लोणी-साय तपासल्यावर निरोपाला तिने घड्याळाऐवजी हे मागून घेतलं होतं. विगोने डाव्या पायाचा खालचा स्क्रू काढला. तेल आलं ते मधासारखं स्वच्छ. दोघं भाऊ वाकून बघत राहिले. त्यांच्या फोर्कमधून आजवर जे निघालं होतं ते डबक्यातल्या पाण्यासारखं असे.

"एकशे सेहेचाळीस," थीराने वाचलं, आणि वाचल्यावर जीभ चावली. पात्र रिकामं करून तिने उजव्या पायाखाली धरलं. पातळी त्याच रेघेवर येऊन थांबली. भरताना दीडशे मिलिलिटर, त्यातलं चार आतल्या भिंतींना चिकटून राहतं. तिला त्याचं नवल नव्हतं.

"दोन्हीकडे सारखं," विगो म्हणाला. "शाबास, होल्गर. सुधारलास."

"मी कशाला? मी अंदाजाने ओततो. मला वाटलं तूच."

"मी कॉफीच्या मगाने ओततो. कान तुटलेल्या."

पुढचा अर्धा तास दोघंही काम करत होते. चाक निघालं, मडगार्ड निघालं, फोर्कचे पाय खाली सरकून हातात आले. विगोने स्क्रूड्रायव्हरने सील उचकटलं आणि उजेडात धरलं.

"हे नवं आहे."

होल्गरने चष्मा पुसला. "चार वर्षांपूर्वी बसवलंय आपण."

"आपण बसवलेलं उलटं होतं. हे सुलट आहे. आणि ग्रीस बघ, बोटाने लावलंय, फावड्याने नाही."

बुशही नवे होते. नळीवर एक ओरखडा नव्हता. फेब्रुवारीत होल्गरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तो आठवडाभर इस्पितळात होता. थीरा रोज दुपारी त्याला भेटून येई आणि सकाळी इथे असे.

"विगो, खरं सांग. हे तू केलंस?"

"मी केलं असतं तर गळलं असतं."

"तेही खरंच," होल्गर म्हणाला. "मी केलं असतं तर काही ना काही उरलं असतं. मागच्या वेळी दोन नट उरले होते."

"तीन."

दोघंही पालथ्या बादल्यांवर बसले. बऱ्याच दिवसांनी त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ते काही सुखाचं नव्हतं.

"म्हणजे कुणीतरी आत येतं," विगो म्हणाला, "आणि दुरुस्त करून जातं."

"पोलिसांना सांगायचं काय? घरात चोर शिरला, सील बदलून गेला?"

"वॉशर तरी नेले ना त्याने."

त्यावर होल्गर उठला. "शब्द म्हणजे शब्द. कमी निघाले तर फोन करायचा ठरलं होतं." त्याने खिशातून फोन काढला आणि भिंतीवर खडूने लिहिलेला नंबर एकेक आकडा मोठ्याने म्हणत दाबू लागला. विगोने त्याला अडवलं नाही. तो फक्त गाडीच्या टाकीवरून फडकं फिरवत राहिला. एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

थीराने मोजपात्र खिडकीत, थर्मासशेजारी ठेवलं.

"मंगळवारी दोन पुरतात," ती म्हणाली.

होल्गरचा अंगठा शेवटच्या आकड्यावर आधीच पडला होता. पलीकडे घंटी वाजू लागली.

"कोणत्या मंगळवारी?"

"सगळ्याच. सहा वर्षं."

"मंगळवारी मी गवत कापतो," विगो सावकाश म्हणाला. "यंत्राच्या आवाजात काही ऐकू येत नाही."

"ठाऊक आहे."

"आणि हा गायला जातो."

"तेही ठाऊक आहे. फोर्क चाराने मला कडक पडतो, दोनाने ठीक लागतो. चार परत घालायचे राहिले. तुझ्या केकचं मला वाईट वाटतं, होल्गर."

फोनमधून कुणीतरी हॅलो म्हणालं. पुन्हा म्हणालं. होल्गरने फोनकडे पाहिलं. "चुकून लागला," असं त्यात सांगून बंद केला. मग तो बायकोकडे वळला. चव्वेचाळीस वर्षांत त्याने तिला एवढं निरखून पाहिलं नसेल. थीरा वाट बघत राहिली. मंगळवारचं आता तो काय ते बोलेल.

"सुरू कशी करतेस?" त्याने विचारलं.

"कशी म्हणजे? किक मारून."

"किती?"

थंड सकाळी होल्गरला नऊ ते चौदा लागत. विगो किकच्या वाटेला जातच नसे. तो चर्चच्या चढावरून गाडी ढकलत खाली आणी आणि मध्येच टांग टाकी. थीराला हे माहीत होतं. पाच-सहा म्हणावं असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण चाळीस वर्षं तिने सायीचा आकडा दशांशाच्या पुढे दोन घरांपर्यंत खरा लिहिला होता.

"एक," ती म्हणाली.

होल्गर हळूच बादलीवर बसला. मग विगोने हातातलं फडकं घडी करून टाकीवर ठेवलं, भावाच्या शेजारी येऊन बसला आणि कबरीपाशी मागे रेंगाळलेल्या माणसांशी तो ज्या आवाजात बोले, त्याच आवाजात म्हणाला,

"एक म्हणाली ती, होल्गर. मीही ऐकलं."