बारा पेरं

ताईंना ऑफिसात कुणी नावाने हाक मारत नसे. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या त्या ताईच. काम काय, तर यूएक्स रिसर्च. म्हणजे माणसांच्या हातात ॲप द्यायचं, ती कुठे अडतात ते बघायचं आणि का अडतात ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं. ऐकायचं! इथेच तर सगळी गोम होती. चौदा वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरांत नि दुकानांत बसून ताईंनी हे काम केलं, गेल्या वर्षी विभागप्रमुख झाल्या, पण मध्येच तोंड घालायची खोड काही जाईना. त्यावर त्यांनीच एक तोडगा काढला होता. प्रश्न विचारला की अंगठ्याने चार बोटांची बारा पेरं मोजायची. तोवर तोंडातून ब्र काढायचा नाही.

ही युक्ती त्यांनी चिमणीलाही शिकवली होती. चिमणी म्हणजे त्यांच्या हाताखालची सगळ्यात नवी मुलगी. आवाज एवढासा, म्हणून हे नाव. महिन्यापूर्वी तिच्या पहिल्याच मुलाखतीत समोरच्या बाई गप्प झाल्या, आणि पाचव्या पेराला ताई दार उघडून आत! "थांब गं, मी विचारते." चिमणीचा चेहरा खर्रकन उतरला. दुसऱ्या दिवशी टेबलावर राजीनामा. ताईंनी तिची माफी मागितली, अगदी मनापासून. शेवटी एवढंच ठरलं की आणखी एक मुलाखत चिमणीने घ्यायची, ताईंनी आत पाऊल टाकायचं नाही, मग राहायचं की जायचं ते ती सांगेल. राजीनामा तोवर ताईंच्या खणात.

ती मुलाखत आज होती. दवाखान्याची वेळ ठरवायचं ॲप होतं. त्यातल्या एका पानावर म्हातारी माणसं कितीतरी वेळ थांबत आणि तशीच निघून जात. "अक्षरं मोठी करा, झालं!" साहेबांचं निदान तयारच होतं.

काचेपलीकडे चिमणी आणि एक शिंपीकाका, स्वतःचाच फोन हातात घेऊन बसलेले. अलीकडे ताई आणि साहेब. तपासणी कुणाची करायची आहे, असं विचारणारं ते पान आलं आणि काकांचं बोट थांबलं.

"काका, इथे काय झालं?" चिमणीने विचारलं.

काका गप्प. चिमणीही गप्प. ताईंची बारा पेरं संपली. दुसऱ्या हाताचीही संपली.

"अहो, पोरगी अडकली! जा ना आत," साहेब कुजबुजले. ताई केव्हाच खुर्चीच्या काठावर आल्या होत्या. आता आपण आत गेलो तर ही मुलगी कायमची गेली, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. तेवढ्यात साहेबच उठायला लागले. ताईंनी त्यांचा हात गच्च धरला, त्यांना खाली बसवलं, आणि आपण काय करतोय याचं भान न राहून त्यांचीच पेरं मोजायला घेतली. साहेब बिचारे हात सोडवून घ्यायचंही विसरले.

नवव्या पेराला काका बोलले. "वाचता येतंय गं मला. सुईत दोरा अजून माझा मीच ओवतो. पण इथे पहिलं नाव हिचं येतं. हिला जाऊन दोन वर्षं झाली."

"मग आम्ही काय करायला हवं, काका?"

"नाव पुसू नका हं. राहू दे ते. फक्त तिच्या तपासणीची तारीख उलटून गेली म्हणून मला सारखं बजावू नका."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. अक्षरांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

काकांना दारापर्यंत पोचवून चिमणी धावतच ताईंच्या खोलीत आली. "ताई, तुम्ही आत आला नाहीत!"

"नाही आले बाई. कशी थांबले ते माझं मलाच ठाऊक. तू किती पेरं मोजलीस?"

"मोजलीच नाहीत. त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना बोलायचं होतं, ते दिसतच होतं ना."

ताईंना भरून आलं. चौदा वर्षं आपण बोटं मोजतोय, आणि ही एवढीशी पोर! अभिमान वाटला, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही.

"ताई, एखादा कागद द्या ना. काकांचे शब्द आहेत तसे लिहून ठेवते."

ताईंनी खण उघडला. वर राजीनामाच होता. त्या जराशा थबकल्या, मग तोच पुढे केला. चिमणीने तो ओळखला. उलटा केला, आणि कोऱ्या बाजूवर पहिली ओळ लिहिली, 'नाव पुसू नका.'

"उद्याच्या मुलाखतीपण मीच घेऊ ना, ताई?"

ताईंच्या ओठांवर दहा सूचना आल्या होत्या. त्यांनी तोंड मिटलं आणि नुसती होकारार्थी मान डोलावली.