हाकेच्या अंतरावर

"खिडकीचा कठडा फार खाली आहे," मावशी म्हणाल्या.

एजंटने खिडकी आणखी थोडी उघडली. "काकू, समुद्र बघा की! डावीकडे जरासं वाकलं की थेट समुद्र."

"तेच म्हणतेय मी. वाकलं की थेट समुद्रात."

लेक हसली, पण हसता हसता तिने मोबाइलमध्ये वेळ पाहिली. रविवारची सकाळ निम्मी सरली होती आणि अजून दुसरं गाव बघायचं होतं. मावशींना मात्र घाई नव्हती, किंवा घाई होती ती वेगळीच. त्या एका जागी उभ्या म्हणून राहत नव्हत्या. त्यांनी उकिडवं बसून भिंतीतले प्लग पाहिले, ते जमिनीपासून फारच जवळ होते. बाथरूमची कडी आतून लावून, बाहेरून उघडता येते का ते पाहिलं. जिन्यात जाऊन दोन गजांच्या मधून स्वतःची मूठ घालून पाहिली. मूठ आरपार गेली. त्यांनी मान हलवली.

"लहान मुलं आहेत का घरात?" एजंटने विचारलं.

"नाही," लेक म्हणाली.

"हो," मावशी म्हणाल्या.

दोघी एकदमच बोलल्या. एजंटने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि किल्ल्या वाजवत तो खाली गेला.

मावशींना मावशी सगळेच म्हणत. भाजीवाला, पोस्टमन, घरमालक, आणि आता जी माणसं डॉक्टर, वकील, गॅरेजवाली झाली होती तीसुद्धा. आपल्या दोन खोल्यांत त्यांनी उभा जन्म पाळणाघर चालवलं होतं. सकाळी लोक कामाला जाताना आपली मुलं त्यांच्या दारात सोडत आणि संध्याकाळी उचलून नेत. नवरा लवकर गेला. तेव्हा मुलगी अजून पाटीवर रेघोट्या ओढत होती. पण घरात मुलं होती म्हणून रडायलाही फारशी सवड मिळाली नाही. दुपारी सगळी निजली की तेवढ्यापुरतं काय ते.

मग घरमालकाने इमारत विकली. नवा मालक ती पाडणार होता. मुलांचे आईबाप हळहळले, पेढीवर काम करणारी एक आई तर मावशींच्या गळ्यात पडून रडली आणि पुढच्याच आठवड्यात सगळ्यांनी आपापली दुसरी सोय लावली. मावशींची सोय त्यांनाच लावायची होती.

लेक समुद्राकाठच्या मोठ्या शहरात राहत होती. बंदरावरच्या एका कंपनीत ती नोकरीला होती. जावई जहाजावर. तो वर्षातले जास्त महिने पाण्यावर आणि थोडे घरी. मधे दोन वर्षांचा नातू, त्याला सगळे गुंड्या म्हणत. लेकीचं घर एवढंसं, त्यात तिघांचीच दाटी. आणि मावशींचंही मत पक्कं होतं की एका घरात नको, हाकेच्या अंतरावर हवं. पण त्या शहरात भाड्याचं घर घ्यायचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मग किनाऱ्याने खाली उतरत जाणारी लहान गावं शोधायची असं ठरलं. मावशी आठवड्यासाठी लेकीकडे आल्या होत्या त्या याचसाठी.

"सामान बांधून ठेवलंय का सगळं?" आल्या दिवशी लेकीने विचारलं होतं.

"भांडीकुंडी बांधली. लहान गाद्या तेवढ्या राहिल्यात."

"त्या कशाला आणतेस?"

"असू देत. खातात का काही?"



दुसरं गाव पहिल्यापेक्षा सपाट होतं. रुग्णालय जवळ, बाजार जवळ, लेकीच्या शहरात जायला दर थोड्या वेळाने बस. घर तळमजल्यावर होतं. पुढे फरशी घातलेलं अंगण, त्याला चारी बाजूंनी कुंपण. मावशी फाटकातून आत शिरल्या आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "इथे सावली येते दुपारची. इथे पाण्याचं घमेलं ठेवलं की झालं, खेळतील आपली. ही खोली झोपायला, ही खायला. तू सकाळी आठच्या बसने गुंड्याला आणून सोडायचं, संध्याकाळी न्यायचं. आणि आजूबाजूची चारदोन आली तर त्यालाही सोबत होईल. एकटं मूल किरकिरं होतं गं."

लेक कुंपणाला हात लावून उभी होती. "आई, चल, आपण चहा घेऊ."

समुद्रासमोर एक टपरी होती. वारा इतका होता की कागदी कप हातात धरूनच बसावं लागत होतं. लाटांकडे दोघींनीही पाहिलं नाही.

"गुंड्याला मी पाळणाघरात घातलंय," लेक म्हणाली.

"माहितीये मला. मी येईपर्यंत."

"नाही. पुढेही. माझ्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत आहे, बाई चांगली आहे. तो रुळलाय तिथे."

मावशींनी कप खाली ठेवला. तो लगेच उडाला. वाळूत लोळत गेला आणि त्या त्याच्यामागे धावल्या, उचलून आणला, चुरगळून पिशवीत टाकला. परत येऊन बसल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"म्हणजे गावभरची पोरं मी वाढवायची आणि माझ्या घरचं पोर परक्या बाईने," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताला काय विंचू डसलाय?"

"तसं नाही गं."

"मग कसं? लोक मला रांगेत उभं राहून मुलं द्यायचे. जागा नाही म्हटलं तर वशिले लावायचे."

"माहितीये ना मला. मी तिथेच होते." लेकीने एक घोट घेतला. "मी चार वर्षांची होईपर्यंत तुला मावशी म्हणायचे. आठवतं?"

"सगळी म्हणायची म्हणून तूही म्हणायचीस. आम्ही किती हसायचो."

"तुम्ही हसायचात." लेकीने कप दोन्ही हातांत धरला. "पडले, खरचटलं, की आधी दुसऱ्यांचं औषध व्हायचं. त्यांच्या आया संध्याकाळी विचारतील म्हणून. मी काय, घरचीच. जेवायला शेवटी, अंघोळीला शेवटी, मांडीवर तर नंबरच लागायचा नाही. आणि संध्याकाळी सगळी गेली की तू इतकी दमलेली असायचीस, की मी शहाण्यासारखी गप्प बसायचे."

"तूच होतीस शहाणी," मावशी म्हणाल्या. "सगळ्यांत शहाणी. मी सांगायची सगळ्यांना."

"हो, सांगायचीस."

मावशींना पुष्कळ बोलायचं होतं. त्या पोरांच्या जिवावर तुझ्या शाळेची फी भरली, हे बोलायचं होतं. पण ते लेकीला ठाऊक होतंच आणि तिने ते कधी नाकारलं नव्हतं. नाकारलं असतं तर भांडता आलं असतं. त्या उठल्या, पदपथाच्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या.

"बस ना जरा," लेक म्हणाली.

"बसून काय करू?"

सोमवारी लेक कामावर गेली. मावशींनी तिच्या घरातले सगळे डबे पुसले, कपाट लावलं, लावलेलं पुन्हा काढून वेगळं लावलं. संध्याकाळी त्यांना राहवेना. लेकीला फोन करून त्या ऑफिसपाशी गेल्या आणि दोघी मिळून मागच्या गल्लीत गुंड्याला आणायला गेल्या.

निळं दार होतं. दारात आधीच तीनचार माणसं आपापल्या मुलाची वाट पाहत उभी होती. कुणी फोनमध्ये डोकं घातलेलं, कुणी उगाच बुटाची नाडी बांधत असलेलं. एक बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होती. मावशींनी ते लगेच ओळखलं. त्यांच्या दारातल्या आया अशाच उभ्या असायच्या आणि त्या मनात म्हणायच्या, रोज रोज काय हरवतं हिच्या पर्समध्ये?

दार उघडलं. आतून दूध, साबण आणि ओल्या कपड्यांचा वास आला. मावशींचा पाय आपोआप उंबऱ्याच्या आत पडला.

"बाहेर थांबा हं आजी," पाळणाघरवाली ताई हसून म्हणाली. "आत मुलं आहेत, चपला नकोत."

मावशी मागे सरकल्या.

ताई तिशीतली, दणकट हाडापेराची होती. गुंड्या तिच्या कडेवर होता. त्याने मावशींकडे पाहिलं, नीट पाहिलं आणि तोंड वळवून ताईच्या मानेत खुपसलं. तिच्या ओढणीचं टोक त्याच्या मुठीत होतं.

"अरे, कोण आलंय बघ! आजी आलीये. जा आजीकडे," ताई म्हणाली.

पण म्हणताना तिचा हात काही त्याच्या पाठीवरून सुटला नाही. मावशींना तो हात कळला. असंच म्हणायच्या त्या. जा बरं आईकडे, म्हणायच्या, आणि हात सोडायला एक क्षण उशीर करायच्या. मूल त्या क्षणात आणखी बिलगायचं आणि समोरची बाई कसनुसं हसायची. त्यात आपल्याला बरं वाटायचं, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते होतंही कुठे?

आपण पिशवीत हात घालून काहीतरी शोधतोय, हे मावशींच्या जरा उशिरा लक्षात आलं.

लेकीने मात्र सरळ हात पुढे केले. "चला साहेब," ती म्हणाली. गुंड्या रडला, तिने त्याला खांद्यावर टाकलं आणि ताईला उद्याचं काहीतरी विचारून ती चालू लागली. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याचं रडं थांबलं. तो आईच्या कानातल्याशी खेळू लागला.

"रोज असंच असतं," लेक म्हणाली. "कोपरा वळला की माझा होतो."

"दुखत नाही तुला?"

"आधी खूप दुखायचं." तिने आईकडे पाहिलं. "तुझ्याकडे यायच्या त्या बायकांचं काय होत असेल, ते तेव्हा कळलं."

दुसऱ्या दिवशी मावशी एकट्याच बसमध्ये बसल्या. किनाऱ्यावरचं आणखी एक गाव होतं. लांब पडतं म्हणून लेकीने ते आधीच सोडून दिलं होतं. बस तिथपर्यंत जाते आणि वळून परत येते, त्याच्या पुढे रस्ताच नाही. का निघालो हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. घरात बसवत नव्हतं एवढं खरं.

गाव म्हणजे एक लांब रस्ता, एका अंगाला होड्या, दुसऱ्या अंगाला घरं. कुणाला विचारायचं म्हणून त्या एका होडीच्या कारखान्यापाशी थांबल्या. म्हातारा सुतार पालथ्या घातलेल्या होडीच्या पोटावर रंधा मारत होता. त्याचीच माडी रिकामी निघाली. वर चिंचोळा जिना, एक मोठी खोली, छोटं स्वयंपाकघर, पश्चिमेला सज्जा. भाडं ऐकून मावशींनी दोनदा विचारलं, ऐकण्यात चूक तर झाली नाही ना म्हणून.

"एकट्याच राहणार?" सुताराने विचारलं.

"एकटीच."

"मग सांगा काय काय करून हवंय. फळ्या, कपाट, ओटा उंच, ओटा खाली. तुम्हाला कसं आवडतं?"

हे मावशींना आजवर कुणी विचारलं नव्हतं. लग्न करून ज्या घरात गेल्या तिथे सासूचं चालत होतं, आणि पुढे त्या घराला आकार आला तो मुलांच्या उंचीचा. औषधं वर, काच वर, सुऱ्या वर, स्वतःच्या वस्तू जिथे जागा उरेल तिथे. आपल्याला कसं आवडतं? त्या खोलीभर फिरल्या. बराच वेळ फिरल्या. जिन्याचे गज पाहायचे राहूनच गेले.

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या.

सुतार हसला. "सावकाश सांगा. होडी कुठे पळून चाललीये?"

लेक आधी चिडली. "एवढं लांब? एक तास बसने? रात्री-अपरात्री काही झालं तर?"

"झालं तर तू येशील. तुला झालं तर मी येईन. बस आहे ना."

"हाकेच्या अंतरावर म्हणत होतीस ना?"

"हाक फोनवरही ऐकू येते."

"गुंड्याला रोज कसा भेटणार तू?"

"रोज नाही भेटणार," मावशी म्हणाल्या. "दुधावरची साय आहे तो. पण साय रोज खाल्ली तर बाधते म्हणतात."

"कोण म्हणतं असं?"

"मी म्हणते."

लहान गाद्या त्यांनी जुन्या गावातच देऊन टाकल्या.

नव्या घरात पहिले काही आठवडे वाईट गेले. चार वाजले की कान दाराकडे जायचे. एका माणसाचं जेवण करताना अंदाज चुकायचा, सुताराला हाक मारून खाली डबा द्यावा लागायचा. त्या किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत इतक्या चालायच्या, की जाळी विणणाऱ्या बायका त्यांना विचारू लागल्या, कुणाला शोधताय का? रविवारी लेक आणि गुंड्या येत. तो आल्याबरोबर कोपऱ्यात लपायचा. निघायच्या वेळी जरा जवळ यायचा, तोवर बस सुटायची.

मग एका बुधवारी, दुपार व्हायच्या आधीच, जिन्यावर पावलं वाजली. लेक होती. एकटी. कामावरच्या कपड्यांत.

"काय गं? काय झालं? गुंड्या कुठे?"

"पाळणाघरात. काही नाही झालं. रजा टाकली."

"त्याला का नाही आणलंस?"

"असंच."

तिने चपला काढल्या, पर्स खुर्चीवर टाकली, घर पाहिल्यासारखं केलं. मावशी पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या. लेक येऊन शेजारी बसली, मग आडवी झाली, मग सरकत सरकत तिने डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. मावशींनी ताटली हळूच बाजूला सारली.

"जेवलीस का?"

लेकीने डोळे मिटले. थोड्या वेळाने तिचा श्वास जड झाला. डोळ्यांखाली काळं पडलं होतं, कानामागे दोन पांढरे केस होते. मावशींनी ते आज प्रथमच पाहिले. त्यांचा हात तिच्या खांद्यावर हलकेच थोपटू लागला.

खालून रंध्याचा आवाज थांबला, सुताराची जेवायची वेळ झाली असावी. स्वयंपाकघरात नळाला पाणी आलं आणि बादली भरून वाहू लागली. मावशींच्या पायाला मुंग्या आल्या, मग पाय पार बधिर झाला. त्यांनी तो हलवला नाही.