थेमेलिसचं नाक

लिंबाच्या सालीत त्यानं अंगठ्याचं नख रुतवलं. बारीक तुषार उडाले, मिशीवर बसले, डोळ्याच्या कोपऱ्यात चुरचुरले — आणि बस, तेवढंच. फोड गार होती, ओली होती, चांगली पिवळीधमक होती. लिंबाचं जे लिंबूपण असतं ते मात्र कुणीतरी आतल्या आत काढून नेलेलं. थेमेलिसनं पुन्हा नख रुतवलं. मग पुन्हा. वाऱ्यानं कागदी चादर उडू नये म्हणून खानावळीच्या टेबलाच्या कडेला पत्र्याचे चिमटे लावलेले असतात, त्यातल्या एका चिमट्याशी चाळा केल्यासारखं करत त्यानं ते बोट हळूच नाकाखालून नेलं...

“बाबा, जीव घेताय का त्या लिंबाचा?”

अनेझिनी समोर बसली होती. एकुलती एक लेक, सतरा वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टला, पंधरा दिवसांसाठी आलेली, आणि त्या पंधरांतले अकरा संपलेले. तिच्या खांद्यामागे कालिम्नोस या ग्रीक बेटाचं बंदर रविवारच्या दुपारी डोळे मिटून पडलं होतं. ती हसत होती, पण तिचे डोळे हसत नव्हते. ते मोजमाप घेत होते. वैद्य घेतो तसं. गेले आठ दिवस ती असंच बघत होती — तो चष्मा शोधायला लागला की, एखादं नाव आठवायला थांबला की.

आठ दिवसांपूर्वी दूध उतू गेलं होतं. एवढीच गोष्ट. दूध उतू गेलं, शेगडी विझली, गॅस चालू राहिला आणि तो शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसला, चांगला तासभर. अनेझिनी बाजारातून आली ती दारातच ओरडली, खिडक्या उघडत सुटली, त्याला बखोटीला धरून अंगणात ओढलं. “बाबा, तुम्हाला कळलं नाही? घरभर गॅसचा वास सुटलाय!” तो म्हणाला, “विसरलो.” त्या क्षणी त्याला तेच शहाणपणाचं वाटलं. विसरणं माणसाला शोभतं. पण नाक जाणं — तेही थेमेलिसचं?

कारण थेमेलिसचं नाक म्हणजे साधं नाक नव्हे. आमच्या बंदरात आजही कुणालाही विचारा. धक्क्याला होड्या लागायच्या आधी कुणाच्या जाळ्यात काय आहे ते हा कॉफी पीत पीत सांगायचा. एकदा म्हणे एका इटालियन जहाजाचा वास त्याला आदल्या दिवशीच आला, आणि वर त्यानं हेही सांगितलं की स्वयंपाक्याचा लसूण करपलाय. मी ते जहाज पाहिलेलं नाही. पण करपलेल्या लसणाबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि सेवास्तीच्या खानावळीतला त्याचा खेळ तर बेटभर गाजलेला. आमच्याकडे मासा ताटात बघून खात नाहीत, आधी आत जाऊन बर्फावर बघून निवडतात. कुणी कल्ले उचलून बघतो, कुणी डोळे. थेमेलिस डोळ्यांवर रुमाल बांधून घ्यायचा. हात पाठीमागे. मग बर्फाच्या परातीवरून नाक फिरवत जायचा आणि सांगायचा — हा कालचा, हा आजचा, हा अमक्याच्या होडीतला, तमक्या खडकाच्या सावलीतला. सगळी खानावळ टाळ्या वाजवायची. थोडं नाक, थोडी थाप, ते कबूल; पण थापेलासुद्धा खाली जमीन लागते, आणि ती जमीन खरी होती.

फेब्रुवारीतल्या तापानं ती नेली. ताप पाच दिवसांत उतरला. सहाव्या दिवशी त्यानं कॉफी उकळली आणि गरम पाणी प्यायला... मग साबण, मग पेट्रोल, मग मेलेली मांजर पडली होती ती गल्ली. काही नाही. जग काचेपलीकडे ठेवल्यासारखं. आणि मग — हे त्यानं कुणालाच सांगितलेलं नाही — तो कपाटापाशी गेला होता. खालच्या कप्प्यात बायकोचा, काल्योपीचा डोक्याचा रुमाल होता, घडीचा, तिला जाऊन चार वर्षं झाली तरी न धुतलेला. दर रविवारी चर्चची घंटा झाली की तो कपाट उघडायचा, रुमालात तोंड खुपसायचा, आणि ती असायची: हिरवा साबण, तळलेला कांदा, मानेवरचा घाम... त्या दिवशी रुमाल नुसतं कापड होता. त्यानं तो इतका दाबून धरला की श्वास कोंडला. मी तुला पुरलं तेव्हासुद्धा तू एवढी गेली नव्हतीस गं.

“तर मग?” अनेझिनी म्हणाली. “ठरल्याप्रमाणे?”

ठरलं काल रात्री होतं. म्हणजे तिनं ठरवलं होतं. गुरुवारच्या विमानाची तिच्याकडे दोन तिकिटं होती. “मला भीती वाटते बाबा. तुम्ही विसरायला लागलात. तुम्ही पूर्वीसारखेच आहात असं एकदा मला दाखवा, मी एकटी जाईन, पुन्हा हा विषय काढणार नाही.” आणि तो, आयुष्यभर जिभेनं होड्या हाकलेला माणूस, छाती काढून म्हणाला होता, “उद्या चल सेवास्तीकडे! रुमाल बांधून निवडतो!”

स्टुटगार्ट. चौथा मजला. खिडकीखाली ट्राम. तिथे मी कोण? फ्राऊ अमुकतमुक नावाच्या बाईचा म्हातारा बाप... इथे निदान मी थेमेलिस आहे. इथे मरेन तर धक्क्यावर चार माणसं खोटं खोटं का होईना, मोठं मोठं बोलतील.

“काय रे थेमेल्या!” शेजारच्या टेबलावरून मिखालारोस ओरडला. चाळीस वर्षांचा दोस्त आणि तेवढ्याच वर्षांचा वैरी. समोर उझो दारूची छोटी बाटली, ताटलीत ऑक्टोपसचे दोन तुकडे. “आज नाकाला सुट्टी का? की जर्मनीच्या पाहुणीला बघून लाजलं?”

“तुझ्या मोज्यांचा वास येतोय, तो जरा विरू दे,” थेमेलिस म्हणाला. “मग उठतो.”

लोक हसले. अनेझिनीही हसली, या वेळी खरी. अरे, हे तर जमतंय... नाकाशिवाय जमतंय! त्या हसण्याच्या लाटेवरच तो उठला.

सेवास्ती आत बर्फाच्या परातीमागे उभी होती, ओल्या हातांनी. या खानावळीचं नाव बेटापलीकडे गेलं ते थेमेलिसच्या खेळामुळे, हे ती चारचौघांत सांगायची. तिनं आपल्या खांद्यावरचा नॅपकिन काढला, त्याच्या डोळ्यांवर बांधला, मागे गाठ मारताना कानाशी म्हणाली, “काका, बऱ्याच दिवसांनी.” त्याला वाटलं तिच्या आवाजात काहीतरी आहे. पण आवाजाला तरी कुठे वास असतो!

अंधार. गालांवर बर्फाचा गारवा. मागे खुर्च्या सरकल्या. लोक दाराशी जमले. तो वाकला आणि श्वास आत ओढला — खोल, पार बेंबीपर्यंत, पूर्वी ओढायचा तसा. आत नुसती थंडी गेली. पुन्हा ओढला. संत निकोलासा, एकदाच... एवढ्या वेळी, मग पुन्हा मागणार नाही, मेणबत्ती नाही, आख्खं मेण आणून देईन... थंडी. परातीत बारा मासे असतील नाहीतर बारा दगड. तो सरकत सरकत गेला. कुणीतरी खोकलं. थांबून चालणार नव्हतं, थांबणं म्हणजे विसरणं, विसरणं म्हणजे चौथा मजला. आणि त्यानं ते केलं जे आयुष्यात कधी केलं नव्हतं, जे अथेन्सहून येणारे पाहुणे करतात म्हणून तो त्यांची टर उडवायचा — पाठीमागचा उजवा हात पुढे आणला, तोल सावरल्यासारखं केलं आणि बोटानं मासा दाबून पाहिला. घट्ट. पुढचा. जरा सैल. त्याच्या पुढचा... घट्ट, ताठ, खवल्यांवर चांगला चिकट ओलावा.

“बोटांना नाक फुटलं वाटतं!” मिखालारोसचा आवाज.

“गप रे,” कुणीतरी म्हणालं.

“हा!” थेमेलिस ताठ झाला. घसा मोकळा केला. “सारगोस. आज पहाटेचा. तेलेन्दोस बेटाच्या मागे दोन खडक आहेत, त्यातल्या डाव्या खडकाच्या सावलीतला. आणि जाळं...” इथे पूर्वी तो थोडा थांबायचा, सगळ्यांना लोंबकळत ठेवायचा. “जाळं झानीसचं. झानीसच्या होडीला जुन्या डांबराचा वास आहे, तो याच्या कल्ल्यात बसलाय.”

बर्फाचा एक खडा घसरून परातीच्या कडेला टणकन लागला.

मग सेवास्ती म्हणाली, “बरोबर.” आणि टाळ्या पडल्या — जरा उशिरा, आणि सगळ्या एकदम.

त्यानं नॅपकिन ओढून काढला. उजेडानं डोळे दिपले. ते स्थिरावले तसं त्याला दारातून बाहेरचं दिसलं, आणि तो जागच्या जागी गार पडला. समोर, धक्क्याच्या उतारावर, लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली झानीसची होडी. कोरडीठाक. बुधवारपासून. तळ खरवडून झालेला, अर्ध्या तळाला लाल रंग. तो रोज तिच्याजवळून जात होता. रंग ओला आहे, रंग ओला आहे असं पूर्वी त्याचं नाक त्याला गल्लीच्या तोंडापासून सांगत आलं असतं. आता ती होडी त्याच्यासाठी नुसतं एक चित्र होती, आणि चित्रं काय, विसरतात.

खानावळीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. प्रत्येकानं टाळ्या वाजवल्या होत्या.

त्यानं मिखालारोसकडे पाहिलं. बोल ना! चाळीस वर्षांत एक संधी सोडली नाहीस, माझ्या लग्नातसुद्धा सोडली नाहीस, बोल की, म्हण की होडीला पाय फुटले! मिखालारोस स्वतःच्या पेल्यात बघत होता, जणू त्यात काही पडलं होतं. त्याचं ते न बोलणं थेमेलिसच्या कानशिलात बसलं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, तसं ते होतं.

आणि अनेझिनी? सकाळी ती त्याच उतारावरून फिरून आली होती. होड्यांची नावं तिला अजून आठवतात की नाही, कोण जाणे.

मासा भाजून आला, अख्खा, वर तेल आणि लिंबू. सोबत उकडलेली रानभाजी, पाव. अनेझिनीनं सुरीनं पाठीची रेघ उघडली, काटा सोडवला, आणि डोकं त्याच्या ताटात ठेवलं — घरात मोठा असेल त्याला डोकं, असं तिची आई करायची. “घ्या.”

त्यानं गालाचं मांस सोललं. जिभेवर मीठ आलं, आंबट आलं, मग ओला कापूस. तो बोटं चाटू लागला, तोंडानं आवाज करू लागला, “वा वा,” म्हणाला, “झानीसचा हात लागलाय,” म्हणाला... आणि तोंडातलं गिळताना त्याच्या लक्षात आलं की ती जेवत नाहीये. ती त्याच्याकडे बघतेय. पण आता वैद्यासारखी नाही.

“छान निवडलात, बाबा,” ती म्हणाली. आवाज अगदी सपाट. “मग मी गुरुवारी एकटीच जाते. दुसरं तिकीट परत देते.”

जिंकलो.

त्यानं तो शब्द मनात फिरवून पाहिला. जिंकलो मी, गुरुवारी ती जाईल, शुक्रवारी मी उठेन, कॉफीच्या नावाखाली गरम पाणी पिईन, शेगडीची कळ तीनतीनदा बघेन, चौथ्यांदा बघायला विसरेन. बंदरावर येईन तर सगळे हसतील, माझ्या विनोदांना, सगळे एकदम, जरा उशिरा. कुणी चिडवणार नाही. रविवारी घंटा होईल आणि मी कपाटापाशी जाईन — का जाईन? आणि हे सगळं सांगायला कुणी नसेल, कारण मी पूर्वीसारखाच आहे, हे मीच तर आज सिद्ध केलंय, पंधरा माणसांसमोर, डोळे बांधून.

तिला माहीत आहे. माहीत असून ती मला जिंकू देतेय, म्हाताऱ्याचा मान राखतेय... की माहीतच नाही, आणि खरंच सुटल्यासारखं वाटतंय तिला? त्याला कळेना यातलं कुठलं जास्त भयंकर. पूर्वी माणसं खोटं बोलली की त्याला वास यायचा. निदान तो तसं सांगायचा. विचार गं पोरी! एकदा विचार, बाबा, ती होडी तर जमिनीवर आहे! ओरड माझ्यावर, बखोटीला धर, ओढ...

अनेझिनीनं ताट सरकवलं, पर्स उचलली. “सेवास्तीताईंना सांगून येते. तुम्ही सावकाश घ्या.”

ती उठली तशी त्यानं तिची बाही धरली. तेलकट बोटांनी, घट्ट. ती थांबली.

“काय, बाबा?”

तोंड उघडलं तेव्हा सवयीनं दोनतीन थापा जिभेच्या टोकाशी येऊन उभ्या राहिल्या, चांगल्या, ताज्या, कुणालाही पटतील अशा. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्यातली एकही उचलावीशी वाटेना. दुसरं जे काही होतं, ते अजून घशाच्याही खाली कुठेतरी होतं. ते वर यायला किती वेळ लागतो, येतं तरी का, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला फक्त एवढं कळत होतं की तोवर ही बाही सुटता कामा नये.

“बाबा? दुखतंय...”

“थांब,” तो म्हणाला. “थांब जरा.”