घंटीमास्तरांचा डावा हात

घंटीमास्तरांना काहीही सांगायला जा, ते त्यांना आधीच माहीत असायचं. तीस वर्षं दुकानांत, गोदामांत, दवाखान्यांत त्यांनी चोरघंट्या बसवल्या. खडू कधी हातात धरला नाही, तरी सगळे त्यांना मास्तर म्हणत. बिघाड कुठे आहे हे ते उंबऱ्यातूनच सांगत, आणि दहातल्या नऊ वेळा ते बरोबर निघे. दहाव्या वेळी लोकांनी आपल्याला माहिती धड दिली नव्हती, असं त्यांचं म्हणणं.

तर अशा माणसाचा डावा पंजा दोन वर्षांपूर्वी एका लोखंडी दारात चेंगरला. हाडं जुळली, जखम भरली, टाक्यांचे व्रणही पुसट झाले. दुखणं मात्र जागचं हललं नाही. उलट वाढलं. सदऱ्याची बाही नुसती घासली तरी पंजावर कुणी निखारा ठेवावा तशी आग व्हायची. मग मास्तर एक जाड हातमोजा घालून, हात छातीशी धरून फिरू लागले. त्या हाताला वारासुद्धा लागू द्यायचा नाही, असा नेम.

तेही त्यांनी निभावून नेलं असतं. एका हाताने स्क्रू पिळायला ते शिकलेच होते. पण लेकीला मुलगी झाली, गोबऱ्या गालांची ठकी, आणि सगळं बिनसलं. पाच महिन्यांत आजोबांनी तिला एकदाच घेतलं. झबल्याची किनार मनगटाला लागली, हात आपोआप झटकला गेला, आणि बायकोने वरच्यावर झेललं म्हणून पोर वाचली. त्यानंतर मास्तर जवळ आले की लेक ठकीला दुसऱ्या कडेवर घेई. मास्तरांना ते हातापेक्षा जास्त लागलं.

त्यांनी ठरवून टाकलं. एक घाव दोन तुकडे! हाताची नसच कापून घ्यायची. तयार असलेला एक सर्जनही त्यांनी शोधून काढला आणि सोमवारची वेळ घेतली.

"अहो, त्या दुखण्याच्या डॉक्टरीणबाईंना एकदा विचारा तरी," बायको म्हणाली. "माझ्यासाठी विचारा."

"विचारतो. पण लाइन खराब झाली की लाइन तोडायची, यात विचारायचं काय ते मला कळत नाही."

गुरुवारी मास्तर बाईंच्या खोलीत बसले. हे इस्पितळ त्यांच्या ओळखीचं, इथल्या सगळ्या घंट्या त्यांच्याच हातच्या. बाईंनी हात तपासला, कापसाचा बोळा नुसता टेकवला, मास्तर खुर्चीतून उडाले.

"मास्तर, बिघाड आता हातात नाही," बाई म्हणाल्या. "हाताच्या नसा खबर घेऊन येतात ती पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत. वर मेंदूला काय कळवायचं आणि किती जोरात, हे पहिल्यांदा तिथे ठरतं. ठेच लागली की आपण अंगठा का चोळतो? चोळण्याची खबर जाड नसांतून पळत येते आणि दुखण्याच्या खबरेची वाट अडवते. मेंदूही वरून हुकूम सोडतो, पुरे कर म्हणून. तुमच्याकडे इतके दिवस आरडाओरडा झाला, की ती जागा हळवी होऊन बसलीय. साधा स्पर्श झाला तरी आग, आग म्हणून ओरडते. त्यात तुम्ही हात झाकून ठेवलात. म्हणजे वाट अडवणारं होतं तेही गेलं."

"मग नस कापली की ओरडाच बंद!"

"नाही ना. खबर यायची थांबली की मज्जारज्जू कधीकधी जास्तच बिथरतो. हात बधिर होईल आणि तरीही दुखेल. आगीतून उठून फुफाट्यात जाल."

मास्तर मोठ्याने हसले. "बाई, जिथून काही येतच नाही तिथलं दुखेल कसं? तीस वर्षं तारांत गेलीत माझी!"

त्यांचं वाक्य संपायला आणि बाहेर भोंगा सुरू व्हायला एकच गाठ पडली. समोरच्या औषधांच्या कोठारातली चोरघंटी! परिचारिका कानांवर हात ठेवून पळत होत्या. मास्तर उठून धावले.

कोठाराच्या दारात तिथले भांडारप्रमुख घामाघूम उभे होते, हातात पक्कड. गेलं वर्षभर घंटी उगाच वाजत होती. बाहेरून औषधांची गाडी गेली तरी वाजे, कुणी शिंकलं तरी वाजे. बिचारे आज वैतागले आणि त्यांनी दारावरच्या, हादरा टिपणाऱ्या खटक्याची तार कापून टाकली. तेव्हापासून भोंगा थांबायलाच तयार नव्हता.

"अहो महाराज!" मास्तर भोंग्याच्या वर ओरडले. "तार कापून घंटी थांबते होय? तार शाबूत आहे तोवर घंटी वाजवणाऱ्या त्या पॅनेलच्या पेटीला कळतं, सगळं ठीक आहे. तार तुटली की ते समजतं, चोरानेच कापली! मग ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही! आणि तारेला काय धाड भरली होती? गेल्या वर्षी कुलूप फोडायचा प्रयत्न झाला, तेव्हा मीच पॅनेल कडक करून ठेवलं होतं. ते नंतर कुणी उतरवलंच नाही. बिघाड तारेत नव्हताच मुळी, बिघाड पॅनेलच्या..."

मास्तर थांबले. त्यांनी मागे वळून पाहिलं. डॉक्टरीणबाई आपल्या दारात उभ्या होत्या. बाई भल्या घरच्या, त्यांनी आलेलं हसू गिळलं.

भांडारप्रमुखांना तार धरायला लावून मास्तरांनी एका हाताने ती जोडली. मग पॅनेल उघडून आतला कडकपणाचा काटा नवावरून चारावर आणला. दार आपटून पाहिलं. चिडीचूप.

मग ते बाईंच्या खोलीत परत आले आणि खाली मान घालून बसले.

"माझा काटा कसा उतरवायचा, बाई?"

"सावकाश. गोळ्या देते, पण खरं काम तुमचं. मोजा काढा. दिवसातून पाच वेळा त्या हाताला स्पर्श द्या. आधी कापूस, मग मलमल, मग टॉवेल. दुखेल, पण इजा होणार नाही. इजा होत नाही हे पाठीच्या कण्याला पुन्हापुन्हा पटवायचं. पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही."

"बिघाड कळला ना? मग बाकी माझ्यावर सोडा," मास्तर म्हणाले आणि तिथूनच सर्जनला नको म्हणून कळवलं. घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान!" पण कापूस तिनेच काढून दिला.

पहिला आठवडा मास्तरांनी शिव्यांवर काढला. बायको घड्याळ धरून बसे, ते डोळे मिटून कापूस फिरवत. महिन्याने मलमल आली. तिसऱ्या महिन्यात ते टॉवेलने हात पुसू लागले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना मज्जारज्जूवर व्याख्यानं देऊ लागले, जणू तो त्यांनीच बसवला होता. हात दुखायचा अजून, पण आग आग म्हणून ओरडत नव्हता.

चौथ्या महिन्यात लेक आली. मास्तर खुर्चीत बसले होते, दोन्ही हात मांडीवर उघडे. लेकीने त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग तिने ठकीला त्यांच्या डाव्या हातावर ठेवलं. तिथेच उभी राहिली, पण आपले हात तिने मागे घेतले. झबलं मनगटाला घासलं. मास्तरांनी दात आवळले, हात हलला नाही. ठकीने आजोबांचा डावा अंगठा पकडला, निरखून पाहिला आणि तोंडात घातला.

"आई गं!" मास्तर ओरडले.

बायको स्वयंपाकघरातून धावली, लेक पुढे झेपावली. मास्तरांनी ठकीला छातीशी घट्ट धरलं आणि उजव्या हाताने सगळ्यांना थोपवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

"अगं, चावली! दात आलेत हिला, दोन दात!" त्यांनी अंगठा सगळ्यांसमोर धरला. त्यावर दोन बारीक ठसे होते. "आणि बघ, सोडल्याबरोबर दुखायचं थांबलंसुद्धा!"