काठावरच्या दोघी

माईंनी वल्हं पाण्यात खुपसलं आणि सारा जोर लावून ओढलं, तशी होडी पुढे जायची सोडून जागच्या जागी गोल फिरली.

"आई, मी ज्या बाजूला मारते त्याच बाजूला मारा," मागच्या बैठकीवरून सून म्हणाली.

"तू बसलीस मागे. मला काय पाठीला डोळे आहेत?"

"बरं, मी सांगत जाते. डावं... उजवं... अहो, तुमचं डावं!"

दोघी हसायला लागल्या आणि होडी पुन्हा काठाकडे तोंड करून उभी राहिली. दूरवर खडकांची रांग लाटा अडवून धरत होती, त्यामुळे अलीकडचं पाणी परातीतल्या पाण्यासारखं शांत होतं. मुलींच्या शाळेत शिवण शिकवण्यात जन्म गेलेल्या माईंना आपण या वयात होडी हाकू, असं कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

मुलाने त्यांना हौसेने या बेटावर आणलं होतं. तो स्वतः रोज सकाळी पाठीला सिलिंडर बांधून समुद्राच्या तळाशी जाई आणि संध्याकाळी लाल डोळ्यांनी परत येऊन जेवता जेवता पेंगे. माईंना रक्तदाबामुळे पाण्याखाली जायला बंदी, सुनेला कानाच्या जुन्या ऑपरेशनमुळे. पहिल्या सकाळी न्याहारीच्या टेबलाशी दोघीच समोरासमोर उरल्या, तेव्हा माईंनी मेनूकार्ड पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं होतं. लग्नाला आठ वर्षं झाली तरी दोघींचं बोलणं 'मीठ बरोबर आहे ना' आणि 'औषध घेतलंत का' यापलीकडे कधी गेलं नव्हतं. मध्ये नेहमी मुलगा असे.

"बुडी न मारणाऱ्यांनी इथे करायचं तरी काय?" माईंनी लॉजच्या मालकिणीला विचारलं होतं.

"बाकीचं सगळं बेट आहे की! बुडी मारणाऱ्यांना ते दिसतच नाही."

मग त्या काचेच्या तळाच्या होडीत बसल्या. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांपाशी उकिडवं बसून त्यांनी खेकड्यांची भांडणं पाहिली. जायफळाच्या बागेतून येताना सुनेने माईंना सायकलच्या कॅरिअरवर डबलसीट घेतलं, आणि उतारावर ब्रेक लागेनात तेव्हा दोघी रस्त्याकडेच्या गवतात अलगद आडव्या झाल्या. आणि ही मुलगी नकला काय करते! मालकिणीची, होडीवाल्याची, न विचारता माहिती देणाऱ्या पर्यटकाची. माई तिला इतकी वर्षं मुखदुर्बळ समजत होत्या.

आता होडी जरा सरळ जाऊ लागली होती. माईंना बरं वाटत होतं, म्हणून त्यांनी मनातलं बोलून टाकलं.

"घरी गेल्यावर महिन्यातून एकदा तरी येत जा माझ्याकडे. त्याला वेळ नसला तर नसू दे. तू एकटी ये."

मागचं वल्हं थांबलं.

"आई, मला यायला आवडलं असतं."

"असतं म्हणजे?"

"आम्ही वेगळे होतोय. ठरलंय आमचं. परत गेल्यावर मी दुसऱ्या घरी राहायला जाणार आहे. तो सांगणार होता तुम्हाला. त्यासाठीच तर तुम्हाला इथे आणलं. रोज सकाळी म्हणतो, आज सांगतो."

माईंना मागे वळून तिचं तोंड बघायचं होतं. पण वळल्या असत्या तर होडी उलटली असती. त्या समोरच्या खडकांकडे बघत राहिल्या. इमारतीतल्या झाडून साऱ्या बायकांना त्यांनी सांगितलं होतं, मुलगा मला बेटावर नेतोय म्हणून.

"त्याने काही केलं का?"

"नाही हो. काहीच केलं नाही. तेच तर."

"आणि मी?"

"तुम्ही नेहमी चांगल्याच वागलात माझ्याशी."

निघताना पाहुण्याने यजमानाला म्हणावं, तशी ती म्हणाली. एखादा आरोप केला असता तर माईंना सोपं गेलं असतं. त्यांना एक दुपार आठवली. सून अशीच न कळवता एकटी आली होती. चहाचा कप हातात धरून बराच वेळ बसली होती. माईंनी विचारलं होतं, तो कसा आहे, वेळेवर जेवतो का. ती 'हो' म्हणाली, कप विसळून ठेवला आणि निघून गेली. तू कशी आहेस, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

पाण्यावर होडी हळूहळू एका बाजूला वळत होती.

"आता कुठलं?" माईंनी विचारलं. "डावं की उजवं?"

"उजवं," सून म्हणाली. मागचं वल्हं पुन्हा पाण्यात शिरलं.

संध्याकाळी मुलगा आला तो केस पुसत थेट जेवणाच्या टेबलाशीच. आज तो पेंगत नव्हता. एकदा बायकोकडे बघून तो खुर्ची सरकवत म्हणाला, "आई, उद्याचा शेवटचा दिवस. मी उद्या पाण्यात जात नाही. तिघं निवांत बसू. मला जरा बोलायचंय तुझ्याशी."

सून ताटाकडे बघत राहिली. मुलाच्या चेहऱ्यावर लहानपणी काही फोडून आला की असायचा तोच भाव होता. अशा वेळी माई नेहमी आपणच विषय काढून त्याची सुटका करत.

"नको," माई म्हणाल्या. "तू जा तुझ्या माशांकडे."

"अगं, पण—"

"बोलायचं ते विमानात बोल. उद्या आम्हा दोघींना दीपगृह चढायचंय. जिना फार अरुंद आहे म्हणे. तिघांचं काम नाही."

मुलगा आईकडे बघतच राहिला. सुनेने मान वर केली.

"आई, तुमचे गुडघे..."

"दुखू देत," माई म्हणाल्या. "सावकाश चढू आपण. कितीही वेळ लागला तरी चालेल."